डब्यातले लिनक्स आणि इतवारीचा ठोक व्यापारी

शहीद चौकातून मस्कासाथकडे भरदुपारी निघालात की नागपूरच्या इतवारीत माणसांपेक्षा यंत्रेच जास्त बोलताना ऐकू येतात. लसणाच्या हातगाडीवरचा भोंगा पावकिलोचा भाव सांगत असतो. गाडीवाला स्वतः मात्र तोंडातला खर्रा सांभाळत गप्प उभा. मागून एखादी ई-रिक्षा साड्यांच्या सेलची जाहिरात वाजवत येते. भांड्यांच्या दुकानात छताजवळ टांगलेल्या टीव्हीवर कुणाचे तरी प्रवचन चाललेले असते आणि या सगळ्यांवर मात करत कचरागाडी आपले गाणे घेऊन निघून जाते. या बाजारात भाव अजून तोंडीच ठरतो, पण ओरडण्याचे काम बाजाराने केव्हाच इलेक्ट्रॉनिक्सकडे सोपवले आहे.

या बोलणाऱ्या वस्तूंचे पोट उघडून पाहिले तर त्यांच्या सरळ दोन जाती पडतात. पहिली जात हातगाडीवरच्या भोंग्याची. आत बोटभर लांबीचा बोर्ड, त्यावर यूएसबीचे तोंड, मेमरी कार्डाची खाच, दोन-चार कॅपॅसिटर आणि एक काळी आयसी. शंभर-दीडशे रुपयांच्या या बोर्डात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणावी असे फारसे काही नसते. कारखान्यात भरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो जन्मभर तेच करतो. वीज आली की सेकंदाभरात बोलायला लागतो, गेली की गप्प.

इथे लिनक्स घाला, असे मी मुळीच म्हणणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या भक्तांना दिसेल त्या डब्यात रास्पबेरी पाय हा लिनक्सवरचा छोटा संगणक बसवण्याची हौस असते. त्यांच्यापैकी एकाने तो कचरागाडीत बसवून पाहावा. चालू व्हायला वीस-तीस सेकंद लागणार, आणि ड्रायव्हरने किल्ली फिरवून अचानक वीज तोडली की कार्डावरची फायलींची घडी विस्कटण्याचा धोका रोजचाच. कार्ड फक्त वाचण्यापुरते उघडे ठेवून हा धोका टाळता येतो. बिल्डरूटसारखे साधन वापरून नको ते सगळे छाटले तर सुरू होण्याचा वेळही काही सेकंदांवर येतो. पण एक गाणे वाजवायला एवढा खटाटोप कशाला? फार तर ईएसपी-३२ सारखी चिप घ्यावी. तिच्यावर फ्रीआरटीओएस ही लहानशी मुक्त प्रणाली चालते आणि हौशी मंडळींनी तिच्या जोरावर घरभर संगीत ऐकवणारे संच बांधलेही आहेत. भोंग्यासाठी मात्र तेही जास्तच.

माझा मुद्दा दुसऱ्या जातीबद्दल आहे. ज्या डब्याला पडदा आहे, वाय-फाय आहे, जो नेटवरून गाणी-सिनेमे ओढतो, त्याच्या आत बहुतेक वेळा लिनक्सच असते. अँड्रॉइड टीव्ही, टीव्हीला जोडायचा अँड्रॉइड बॉक्स, गाडीतला अँड्रॉइड स्टिरिओ, केबलचा सेट-टॉप बॉक्स यांची ही जात. सॅमसंगचे टायझेन आणि एलजीचे वेबओएस नावाने वेगळे असले तरी दोन्हींच्या बुडाशी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनक्सचा आहे. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल आज इतवारीच्या गोदामांत खोक्यांच्या थप्प्यांमध्ये पडलेला असतो, आणि तो विकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पडताळून पाहायचे तर घरच्या टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जा, 'डिव्हाइसविषयी' उघडा, त्यात 'कायदेशीर माहिती' आणि तिच्या आत 'ओपन सोर्स परवाने'. पानेच्या पाने इंग्रजी मजकूर सरकत राहील. तो कुणी वाचत नाही, आणि त्यातच ग्राहकाचा एक हक्क पुरलेला आहे.

माझे म्हणणे एवढेच की या पेट्यांतले लिनक्स मुक्त असले तरी ती पेटी विकत घेणाऱ्याच्या आणि दुरुस्त करणाऱ्याच्या हाती ती मुक्ती पोचत नाही, आणि ती पोचवण्याची ताकद आज पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरपेक्षा इतवारीच्या ठोक व्यापाऱ्याकडे जास्त आहे. हे विधान बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटेल. लिनक्सवर बोलायला आपण कॉलेजात प्राध्यापकांना बोलावतो. ज्याच्या गादीवर अजून लाल वह्या आहेत त्या शेठजींना कोण बोलावणार?

थोडे मागे जाऊ. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ मध्ये आले. व्हॉल्व्हच्या रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला की कितीतरी सेटांच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला सापडे. कुठल्या व्हॉल्व्हला किती व्होल्ट, कुठला कंडेन्सर कुठे, सगळे कागदावर. कंपनी हे कुणावर उपकार म्हणून करत नव्हती. आपला सेट मुंबईपासून हजार किलोमीटरवर बिघडला तर तिथल्याच माणसाने तो नीट करावा, नाहीतर पुढचा सेट कुणी घेणार नाही, हा साधा हिशेब होता. त्या नकाशावर मेकॅनिकांच्या पिढ्या शिकल्या. त्यातले अनेक जण फारसे शिकलेले नव्हते, इंग्रजी जेमतेम वाचत, पण नकाशा त्यांना वाचता येई. ट्रान्झिस्टर आला, टेपरेकॉर्डर आला, रंगीत टीव्ही आला, तरी छापील सर्किट मिळण्याची ही रीत बऱ्यापैकी टिकून होती. ती मोडली ती सॉफ्टवेअरने.

आज टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर काय चालते ते पाहण्यासारखे आहे. एक बत्तीस इंची टीव्ही आला. चालू होतो, चित्र येते, आवाज नाही. मेकॅनिक मीटर लावतो. स्पीकर ठीक, अँपच्या आयसीला व्होल्ट बरोबर, आयसी गरमही होत नाही. म्हणजे आयसी मेलेली नाही, तिला कुणी तरी गप्प बसवले आहे. अशा आयसीला बहुधा एक म्यूटची पिन असते. मुख्य चिपच्या शेकडो पायांपैकी एक पाय त्या पिनला जोडलेला असतो आणि तो कोणता हे सॉफ्टवेअरला ठाऊक असते. 'सॉफ्टवेअर उडालंय भाऊ, मारून देतो,' असे मेकॅनिक सांगतो. मग तो बोर्डाचा नंबर घेऊन टेलिग्रामच्या ग्रुपवर आणि यूट्यूबच्या व्हिडिओखाली त्या नंबरचा डंप शोधत बसतो. डंप म्हणजे दुसऱ्या कुणी तरी आपल्या चालू टीव्हीतून जशीच्या तशी काढून घेतलेली मेमरीची नक्कल. नंबर तोच पण पॅनेल वेगळे असेल तर चित्र उलटे येते. पॅनेल जमले तर रिमोट चालत नाही. दोन्ही जमले तरी आवाज येईलच असे नाही, कारण कारखान्याने मधल्या लॉटमध्ये अँपची आयसी बदललेली असते. शेवटी वैतागून तो युनिव्हर्सल बोर्ड टाकतो आणि जुना बोर्ड भंगाराच्या पोत्यात जातो. तो बोर्ड बिघडलेलाच नव्हता.

आता हेच लिनक्सच्या बाजूने पाहा. अलीकडच्या अशा चिपांवरच्या लिनक्समध्ये बोर्डाची सगळी जोडणी डिव्हाइस ट्री नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते. अँप कोणता, तो कोणत्या तारेवर बसला आहे, त्याला गप्प करणारी पिन कुठली, ती शून्यावर गप्प होते की एकवर, हे सगळे पाच-सात ओळींत येते. रेडिओच्या पुठ्ठ्यामागचा नकाशा तो हाच. फरक असा की तेव्हाचा नकाशा नुसता वाचता यायचा. हा बदलताही येतो, आणि बदलून पेटीत घातला की पेटी तशी वागते. ही फाइल आणि तिच्यासोबतचा कर्नल मेकॅनिकच्या हातात असेल तर आवाजाचा प्रश्न एका ओळीचा आहे. पेटीतल्या तयार फाइलीवरून मूळ मजकूर उलटून काढता येतो हे खरे, पण त्यात मूळची नावे आणि शेरे उरत नाहीत, आणि पेटीला कुलूप असेल तर बदललेली फाइल आत जातच नाही.

आवाजाचाच दाखला मी मुद्दाम घेतो आहे, कारण ऑपरेटिंग सिस्टिमची परीक्षा आवाज घेतो तशी चित्रही घेत नाही. सिनेमातली एखादी चौकट गळली तर डोळा चालवून घेतो. कान चालवून घेत नाही. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, एकामागून एक, ठरल्या वेळी. १,०२४ नमुन्यांची साठवण भरून ठेवली तर यंत्राच्या हाती एकवीस मिलिसेकंद असतात. तेवढ्यात पुढची साठवण भरली नाही तर स्पीकरमधून टक्क आवाज आलाच. साठवण मोठी केली की टक्क टळते, पण मग आवाज उशिरा येतो. सिनेमा बघताना त्याने बिघडत नाही, कारण चित्रही तेवढेच थांबवता येते. तबला वाजवणाऱ्याला मात्र बोट पडल्यावर बोल उशिरा आला तर हात अडखळतो. लिनक्स मुळात प्रोसेसरचा वेळ अनेक कामांना वाटून देण्यासाठी लिहिलेले. ठरल्या क्षणी ठरलेले काम करण्याची हमी त्यात नव्हती. ती आणण्याची खटपट २००४ च्या सुमारास इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि मंडळींनी सुरू केली. ते काम मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे येऊन बसले ते २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीत. वीस वर्षे! दरम्यान कोर्गसारख्या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने लिनक्सवरच आपला क्रोनोस नावाचा महागडा कीबोर्ड २०११ मध्ये बाजारात आणला होता, म्हणजे ज्यांना गरज होती त्यांनी वाट पाहिली नाही.

ध्वनीच्या बाबतीत तर लिनक्सने दार बंद झाल्याचा अनुभव स्वतःच घेतलेला आहे. नव्वदच्या दशकात लिनक्सवर आवाज काढायला हन्नू सावोलाइनेनची ओएसएस ही व्यवस्था होती. पुढे तिच्या नव्या आवृत्त्या विकाऊ आणि बंद झाल्या. कर्नलमध्ये जुनी फुकट आवृत्ती तेवढी उरली. यारोस्लाव किसेला या झेक तरुणाने १९९८ मध्ये आपल्या ग्राव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी नवा ड्रायव्हर लिहायला घेतला आणि त्यातून अल्सा उभी राहिली. २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलमध्ये तिने ओएसएसची जागा घेतली. ओएसएसवाल्यांनी २००७ मध्ये आपला सगळा स्रोत, म्हणजे सोर्स कोड, पुन्हा खुला केला, तोवर गाडी निघून गेली होती. आज टीव्हीतला, गाडीतला, फोनमधला आवाज बहुधा अल्सातूनच जातो. डब्यांच्या चिपांसाठी तिची वेगळी शाखा आहे आणि ती अनेक कंपन्यांच्या पगारी इंजिनिअरांनी मिळून वाढवली आहे. एका कंपनीला हे परवडलेच नसते.

कुणी म्हणेल, मग झाले की; काम फुकटात मिळाले, डबा स्वस्त झाला, आणखी काय हवे? हवे ते परवान्यात लिहिलेले आहे. लिनक्सचा कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, आणि त्या परवान्याचे तिसरे कलम सांगते की तयार प्रोग्रॅम दुसऱ्याला देणाऱ्याने त्याचा स्रोतही दिला पाहिजे. तो मालासोबत द्यावा, नाहीतर किमान तीन वर्षे, जो मागेल त्याला, नक्कल करण्याच्या खर्चात देऊ असे लेखी वचन द्यावे. स्रोत म्हणजे काय हेही तिथेच सांगितले आहे: प्रोग्रॅम बांधण्याच्या आणि बसवण्याच्या स्क्रिप्टसकट सगळे. तिसरी वाटही आहे, मागच्याने दिलेले वचन तसेच पुढे सरकवण्याची. पण ती फक्त बिनव्यापारी देवघेवीसाठी. 'चीनवाल्याकडून घ्या, मी फक्त माल आणतो,' असे म्हणण्याची सोय व्यापाऱ्याला परवान्याने ठेवलेलीच नाही.

म्हणजे शेनझेनहून पेट्या मागवून त्यांवर स्वतःच्या ब्रँडचे स्टिकर मारणारा इतवारीचा व्यापारी लिनक्सचा वितरक आहे. त्याला हे कुणी सांगितलेले नाही, एवढेच.

हा केवळ पुस्तकी अर्थ नव्हे. हराल्ड वेल्टे या जर्मन कर्नल-लेखकाने २००४ पासून अशा प्रकरणांचा पाठपुरावा केला, आणि त्याच्या पहिल्या खटल्यांतला प्रतिवादी कारखानदार नव्हता, दुसऱ्याने बनवलेले राउटर आपल्या नावाने विकणारी कंपनी होती. आवाजाच्या दृष्टीने त्याहून बोलका खटला २००७ चा. स्काइप कंपनी एसएमसीने बनवलेला वाय-फाय फोन आपल्या साइटवरून विकत होती. फोनमध्ये लिनक्स होते आणि स्रोत दिलेला नव्हता. म्युनिकच्या न्यायालयाने विक्रेत्या स्काइपला जबाबदार धरले. स्काइपने नंतर एक चिठ्ठी घातली होती आणि तिच्यावर स्रोत कुठे मिळेल त्याचा वेबपत्ता दिला होता. तेही न्यायालयाला पुरेसे वाटले नाही. वरच्या न्यायालयात गेलेले अपील स्काइपने २००८ मध्ये मागे घेतले. अमेरिकेत डिसेंबर २००९ मध्ये बिझीबॉक्स या लिनक्सच्या डब्यांत सर्वत्र सापडणाऱ्या प्रोग्रॅमवरून चौदा कंपन्यांवर एकत्र दावा झाला. त्यांत सॅमसंग होती, तशी बेस्ट बाय ही दुकानांची साखळीही होती, स्वतःच्या ब्रँडचे ब्लू-रे प्लेअर विकणारी. वेस्टिंगहाउस डिजिटलविरुद्ध दुसऱ्याच वर्षी निकाल लागला आणि तिच्याकडचे नियमबाह्य टीव्ही संच वादीच्या स्वाधीन करण्याचा आदेश झाला. व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात जो दावा झाला त्यात तर वादी लेखक म्हणून आलेलाच नाही, टीव्ही विकत घेणारा ग्राहक म्हणून आला आहे.

आपल्याकडेही कायद्याची उणीव नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ प्रमाणे प्रोग्रॅमची प्रत विकणे हा त्याच्या मालकाचा हक्क आहे, आणि बेकायदा प्रत आयात करणे कलम ५१ प्रमाणे उल्लंघनात मोडते. दुसऱ्या बाजूने कलम ५२ दुरुस्तीवाल्याला थोडी मोकळीक देते. एका प्रोग्रॅमचे दुसऱ्याशी जमवून घेण्यापुरती माहिती लागत असेल आणि ती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेण्याला तिथे मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आणून कुलपे तोडण्यावर बंधन घातले तेव्हाही कायद्याने परवानगी दिलेल्या कामांसाठी वाट ठेवली. पण कोर्टाची पायरी चढा, हा सल्ला मी देणार नाही. कोर्ट शेवटचा उपाय असतो आणि व्यापाऱ्याला धमकावून काहीच साधत नाही. त्याला त्याचा फायदा दिसला पाहिजे.

फायदा आहे, आणि तो रिटर्न मालाच्या ढिगात आहे. ठोकवाला गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीच्या चिल्लर दुकानदाराला माल देतो. गॅरंटीत पेटी परत आली की ती त्याच्या गळ्यात पडते. बोर्ड चीनला परत पाठवणे परवडत नाही, म्हणून तो नवी पेटी देतो आणि जुनी गोदामात टाकतो. सॉफ्टवेअर उडालेल्या पेट्या त्याला जवळच्या मेकॅनिककडून ताशी मजुरीवर जिवंत करून घेता आल्या तर तो पैसा त्याचाच. आणि स्रोत मागण्याला खर्च किती? कारखान्याने तो कर्नल बांधलेला असतो म्हणजे त्याच्याजवळ स्रोत असतोच. चिप बनवणारी कंपनी त्याला तो देते. द्यायची आहे ती एक फाइल. ग्राहक म्हणून तुम्ही-मी एक टीव्ही घेतो, आपल्या ईमेलला कारखाना विचारत नाही. हजार पेट्यांची ऑर्डर देणाऱ्याला मात्र तो उत्तर देतो, रंग बदलून देतो, रिमोटवर त्याचे नाव छापून देतो. सुरुवातीच्या पडद्यावर शेठजींच्या दुकानाचा लोगो येतो तो सॉफ्टवेअर बदलूनच आलेला असतो. लोगो मागता येतो तर स्रोतही मागता येईल.

याला कारखान्यांकडून दोन आक्षेप येतात. पहिला कुलपाचा. सिनेमे पुरवणाऱ्या कंपन्या म्हणतात, डबा बंद नसेल तर आम्ही चांगल्या प्रतीचे चित्र देणार नाही. यात तथ्य आहे. पण त्यासाठी कुलूप चाव्यांच्या कप्प्याला हवे. अख्ख्या यंत्राला कशाला? टिव्हो या अमेरिकन रेकॉर्डरने ही खोड आधी दाखवली. स्रोत देऊन टाकला, मात्र बदललेला प्रोग्रॅम यंत्र चालू करीत नसे. त्यावर उपाय म्हणून २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. टॉरवाल्ड्सने ती घेतली नाही. यंत्र बनवणाऱ्याने यंत्राला कुलूप लावावे की नाही हे ठरवणे सॉफ्टवेअरच्या परवान्याचे काम नव्हे, असे त्याचे मत. अमेरिकेत बसून ते मत मांडणे सोपे आहे. पाच वर्षांत बंद पडणाऱ्या टीव्हीचा ढीग ज्यांच्या गावाबाहेर लागतो त्यांना विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते. मला इथे टॉरवाल्ड्स चुकला असे वाटते, पण म्हणून भांडण अडत नाही. बसवण्याच्या स्क्रिप्टही द्या असे दुसरी आवृत्तीही सांगतेच.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये डॅनियल मिलिसिक या कॅनडातल्या माणसाने टी-९५ नावाचा ऑलविनर चिपवरचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स तपासला तेव्हा त्यात कारखान्यातूनच भरलेला व्हायरस निघाला. पुढे अशा डब्यांच्या टोळीला बॅडबॉक्स हे नाव पडले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला आणि पुढच्याच महिन्यात गूगलने कोर्टात जाताना एक कोटीहून जास्त डबे बाधित असल्याचे म्हटले. बैठकीतला बॉक्स भजन ऐकवतो आणि मागच्या दाराने घरचे इंटरनेट परक्याला वापरू देतो. मुक्त प्रणाली असूनही हे झाले, असे बोट दाखवले जाते. माझ्या मते मुक्तता डब्यापर्यंत पोचली नाही म्हणून हे झाले. ज्यांच्याकडे त्या चिपचा स्रोत आहे ते डबा पुसून त्यावर लिब्रेलेक किंवा आर्मबियनसारखी मुक्त प्रणाली चढवू शकतात, आणि चढवतातही. ऑलविनरच्याच चिपांमध्ये व्हिडिओ उलगडणारा भाग बंद होता. बूटलिन या फ्रेंच कंपनीने २०१८ मध्ये लोकवर्गणी जमवून त्याचा मुक्त ड्रायव्हर लिहिला आणि तो मुख्य कर्नलमध्ये गेला. वर्गणी देणारे म्हणजे ते डबे वापरणारे सामान्य लोक. ज्यांच्याकडे स्रोत नाही त्यांना डबा फेकण्यापलीकडे मार्ग नाही.

आणखी एक गोष्ट इतवारीत रोज ऐकू येते आणि तिचे कुणाला काही वाटत नाही. ब्लूटूथ स्पीकर चालू केला की आतली बाई परदेशी इंग्रजीत काहीतरी सांगते. नागपूरचा हमाल, भंडाऱ्याची आजी, मेळघाटचा मास्तर, सगळे तेच ऐकतात. तो आवाज म्हणजे आत ठेवलेली एक ध्वनिफीत असते आणि बंद यंत्रात ती बदलता येत नाही. रॉकबॉक्सची गोष्ट इथे आठवते. २००१ मध्ये स्वीडनच्या तिघा-चौघांनी आर्कोस कंपनीच्या प्लेअरचे मूळ सॉफ्टवेअर कंटाळून फेकले आणि स्वतःचे लिहिले. ते पुढे आयपॉडसह अनेक यंत्रांवर गेले, २०२५ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली. रॉकबॉक्समध्ये मेनू बोलून दाखवण्याची सोय झाली, गाण्यांच्या फायलींची नावेही बोलली जाऊ लागली आणि अंध श्रोत्यांना आपले प्लेअर स्वतः चालवता आले. कारखान्याने ही सोय दिली नव्हती, कारण अंध ग्राहक त्याच्या हिशेबात नव्हता.

मराठीही हिशेबात नाही. सिम्प्युटर हे बंगळुरूचे लिनक्सवरचे हातात धरायचे यंत्र व्यापारात फसले, पण त्या कामातून निघालेला ध्वनी हा मुक्त वाचक-प्रोग्रॅम पुढे मराठीही बोलू लागला. ई-स्पीकमध्ये मराठी आहे. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत गटाने मराठीसह अनेक भाषांचे बोलणारे प्रारूप खुले केले आहे. आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये २०१० पासून चाललेले सीजीनेट स्वर गोंडी बोलणाऱ्यांची बातमी फोनवर घेते आणि ऐकवते; ते उभे राहिले लिनक्स आणि अ‍ॅस्टरिस्क या मुक्त प्रणालींवर. सामान तयार पडले आहे. ते डब्यात घालायला डबा उघडावा लागतो.

सरकारकडून काय अपेक्षा करावी? केंद्राचे मुक्त सॉफ्टवेअर धोरण २०१५ चे आहे. सरकारी कामात मुक्त पर्यायाला पसंती द्यावी, असे ते म्हणते. टेंडरमध्ये ते संगणकापुरते वाचले जाते. शाळेच्या टीव्हीला किंवा बसमधल्या घोषणा-यंत्राला कुणी लावत नाही. ग्राहक मंत्रालयाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल २०२२ मध्ये काढले, आणि दुरुस्ती-निर्देशांकाची चौकट सुचवणाऱ्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट यांवर वस्तूला गुण द्यावेत, असा तिचा विचार आहे. त्यात कर्नलचा स्रोत ही एक बाब घालायला काय हरकत आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा बडग्या या निषेधाच्या पुतळ्यांच्या रांगेत महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो; बंद सॉफ्टवेअरचा बडग्या अजून कुणी केलेला मी पाहिला नाही. पण सरकारची वाट पाहत बसावे असे मला वाटत नाही. बाजाराने ठरवले तर हे काम एका हंगामात होईल.

म्हणून ही विनंती इतवारीच्या, गांधीबागेच्या आणि सीताबर्डीच्या ठोक व्यापाऱ्यांना. पुढची ऑर्डर देताना कागदावर एक अट वाढवा: पेटीतल्या लिनक्स कर्नलचा संपूर्ण स्रोत, त्याच बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीसह आणि बसवण्याच्या स्क्रिप्टसह, मालाबरोबर पेनड्राइव्हवर पाठवावा, तो मिळाल्यावरच शेवटचा हप्ता. आलेला पेनड्राइव्ह समजत नसेल तर व्हीएनआयटीच्या किंवा कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन मुलांना बोलावून तो खरोखर त्या बोर्डाचा आहे का, हे तपासून घ्या. मग त्याच्या नकला करून आपल्या मेकॅनिकांना वाटा. परवाना त्याला मुभाच देतो. दिवाळीच्या टीव्ही-साउंडबारचा माल पावसाळ्यातच बुक होतो, तेव्हा ही अट लिहायची ती त्याच ऑर्डरीत लिहा.